मामांची फियाट आणि गुडघाभर वणवा

अलंकार शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली. या वीस वर्षांत 'वणवा' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. विरहाचा वणवा, क्रोधाचा वणवा, महागाईचा वणवा! मराठी लेखकाला काही भव्य सांगायचे झाले की तो आधी वणवा पेटवतो, आणि हा वणवा नेहमी गगनाला भिडतो. असाच एकदा मी वर्गात गगनाला भिडलो असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. धानोरा तालुक्यातून शिकायला आलेला, एरवी तोंडातून शब्द न काढणारा. अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, वणवा गुडघ्याएवढाच असते जी."

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या अलंकाराकडे वळलो. मुलाने अलंकाराची उंची मोजली एवढेच त्या वेळी वाटले. त्याचे म्हणणे किती खरे होते, हे समजायला मला पुढे मामांच्या घरी एक रात्र काढावी लागली.

दिवाळीच्या अंकात आगीची कथा काढणे शोभत नाही, हे मी जाणतो. करंज्या-चकल्यांच्या ताटाशेजारी बसून वाचण्याचा हा विषय नव्हे. परंतु आमच्याकडचा हिशेब वेगळा आहे. दिवाळीला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले गवत कमरेएवढे आणि अजून ओलसर असते. संक्रांतीला ते पिवळे पडते. महाशिवरात्रीच्या सुमारास साग, ऐन, धावडा, तेंदू पाने टाकू लागतात आणि होळीपर्यंत सगळ्या रानात कडकडीत वाळलेल्या पाचोळ्याचा बिछाना अंथरला जातो. वनखात्याच्या दप्तरी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा आहे. म्हणजे हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुरते तीन-साडेतीन महिने हाताशी असतील. आगीची गोष्ट आग लागल्यावर सांगून काही उपयोग नसतो.

शिवाय या सदराचे पुष्कळ वाचक हल्ली आमच्याकडे येऊ लागले आहेत. पूर्वी ताडोबाला लोक वाघ बघायला येत आणि दुसऱ्या दिवशी परतत. आता नागपूर-पुण्याची मंडळी जंगलाच्या कडेला जागा घेतात, कौलारू घर बांधतात, अंगणात झोपाळा टांगतात, आणि हौशी गृहस्थ असला तर जुनी जीप किंवा आजोबांच्या वेळची मोटार आणून शेडमध्ये ठेवतात. सकाळी धुक्यात ती मोटार मोठी छान दिसते. एप्रिलमध्ये ती कशी दिसते, ते पुढे सांगतो.

आधी आमच्या वणव्याविषयी थोडे. आमची जंगले पानगळीची. इथे आग झाडांच्या शेंड्यांवरून सहसा धावत नाही. ती जमिनीवरच्या पाचोळ्यातून सरपटते. त्या मुलाने सांगितले तशी, गुडघ्याएवढी. रात्री पहाडीवर पाहिली तर कोणी पणत्यांची लांबच लांब रांग लावली आहे असे वाटते. चढणीवर तिचा वेग वाढतो, उतरणीला मंदावतो. दुपारच्या वाऱ्यात ती चेकाळते, पहाटेच्या गारव्यात सुस्तावते. म्हणून जाणते लोक तिच्याशी लढतात ते रात्री किंवा भल्या पहाटे. आग लागते ती मात्र बहुतेक वेळा माणसाच्या हातून. मार्च-एप्रिलात मोहफुले पडतात. पाचोळ्यात ती वेचायला कठीण, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जागा स्वच्छ करतात आणि ती आग विझवायची राहून जाते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा तोडा असतो. जाळले की झुडपाला कोवळी, मोठी पाने फुटतात, असा समज. मग कोणाची विडी, कोणाची चूल, कोणाचा शेताचा धुरा.

यावरून कोणी चटकन म्हणेल की हे अडाणी लोक जंगल जाळतात. असे म्हणणारे जुने आहेत. १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सन या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातील बोरीचे जंगल आगीपासून राखून दाखवले, तेव्हापासून साहेबाच्या कागदांत हाच सूर आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला, तो आजही गुन्हाच आहे. पण ज्या माणसाच्या वर्षाच्या मिठा-मिरचीचा खर्च टोपलीभर मोहफुलांवर चालतो त्याच्याकडे आणि आपल्याकडे आगीकडे पाहण्याचे डोळे एकच असणार नाहीत. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची हकीकत मला या बाबतीत फार बोलकी वाटते. या गावाला २०१२ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे तिथल्या ग्रामसभेने काय करावे? तेंदूपत्ता तोडणेच बंद केले! पत्त्यापायी झाडे छाटावी लागतात आणि रान जळते, तेव्हा हा पैसा नको. बांबू आहे, त्यावर भागवू. रोख पैसा देणारा हंगाम हात जोडून परत पाठवणारे गाव आणि त्याला अडाणी म्हणणारे आपण, असा हा मामला आहे. असो.

आता मामा.

माझे मामा मूल तालुक्यातल्या एका गावाच्या अगदी शेवटच्या घरात राहतात. त्यांच्या वाडीचे कुंपण संपले की एक धानाची बांधी, आणि बांधीपलीकडे जंगल. घर जुने: सागाचे खांब, वर कवेलू, मागे गोठा. तलाव जवळच आहे. माजी मालगुजारांच्या या तलावांना सरकारी कागदांत 'मामा तलाव' म्हणतात. लहानपणी तो तलाव माझ्या मामांच्याच मालकीचा आहे असे मला वाटे, आणि मामांनीही हा गैरसमज कधी दूर केला नाही.

मामांच्या मालकीची खरी मिळकत म्हणजे त्यांची फियाट. १९६६ सालची, अकराशे डिलाइट. लोक जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात ती हिची थोरली बहीण. ही त्या मानाने सडपातळ. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आजोबांनी घेतलेली. याच गाडीतून माझ्या आईची पाठवणी झाली, आणि पुढे आजोबांना शेवटच्या दुखण्यात चंद्रपूरच्या दवाखान्यात नेले तेही हिच्यातूनच. त्यामुळे मामी जेव्हा "त्या डब्याला एकदा भंगारात घाला," म्हणत तेव्हा मामा उत्तर देत नसत, फक्त फडके घेऊन बॉनेट पुसायला जात. दर रविवारी बॉनेट पुसले जाई. इंजिन मात्र दिवाळी, पाडवा अशा मुहूर्तावरच सुरू होई. ही गोष्ट लक्षात ठेवा.

२०२२ च्या एप्रिलमध्ये परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन मी मामांकडे गेलो होतो. शांतपणे तपासू, असा विचार. तिसऱ्या दिवशी दुपारपासून धुराचा वास येत होता. त्या दिवसांत तो येतोच, कोणी मनावर घेत नाही. संध्याकाळी पहाडीवर पणत्यांची रांग दिसली. रात्री आठाच्या सुमारास ती रांग पहाडी उतरून आमच्या बाजूला वळली. गावातले वीस-पंचवीस लोक हिरव्या डहाळ्या घेऊन तिकडे निघाले. त्यांत मामांचा शेजारीही होता. त्याचे घर आणि मामांचे घर यांच्यामध्ये एक काट्यांचे कुंपण, एवढेच अंतर. हा शेजारी उन्हाळ्यात वनखात्याकडे रोजंदारीवर आग विझवायला जातो. जाता जाता कुंपणावरून म्हणाला, "मामाजी, ढोरं सोडून ठेवा. अन् पाणी भरून ठेवा जी." आणि अंधारात दिसेनासा झाला.

इथे मला जरा थांबले पाहिजे, कारण परदेशातल्या आगींची वर्णने आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि आपलेही तसेच असेल असे धरून चालतो. तिकडे वणवा आला की गाव रिकामे होते. पोलीस दारोदार फिरून सांगतात, माणसे मोटारीत बसतात, निघतात. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात आग लागली तेव्हा इतक्या मोटारी एकदम निघाल्या की सनसेट बुलेव्हार्डसारखा हमरस्ता तुंबला. लोक मोटारी तिथेच सोडून पायी पळाले, आणि अग्निशामकांना वाट मिळावी म्हणून बुलडोझर आणून त्या एकेक लाखमोलाच्या गाड्या बाजूला ढकलाव्या लागल्या. त्या महिन्यात तिथे दोन मोठ्या आगींत मिळून सोळा हजारांवर इमारती गेल्या. त्याआधी ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातच पॅराडाइझ नावाच्या गावात ८५ माणसे दगावली; त्यांतली काही मोटारीत सापडली. तिथल्या मोटारींच्या चाकांचे ॲल्युमिनियम वितळून रस्त्यावरून ओघळल्याची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश उष्णता लागते. तो गुडघाभर वणवा नव्हता.

आमच्याकडे उलटे. आमच्याकडे वणवा आला की गाव वणव्याकडे जाते. कोणी हुकूम देत नाही, कोणी घर सोडा म्हणत नाही. आणि त्या रात्री तसेच झाले. गाव वणव्याकडे गेले, आणि मागे राहिलो आम्ही दोघे, मी आणि मामा. आम्ही काय केले?

आम्ही फियाट काढायला गेलो.

शेड घराच्या डाव्या अंगाला, शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून. वर पत्रा, पण आत काय नव्हते! बारदाने, जुन्या सागाच्या फळ्या, मोडकी खाट, रॉकेलचा डबा, आणि शेडच्या वळचणीला दोन वर्षांचा साचलेला पाचोळा. गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन. गाडीचे तोंड आत, पाठ दाराकडे, कारण मामांना बॉनेट पुसताना खिडकीचा उजेड हवा असे. किल्ली फिरवली, बॅटरीने 'टक' एवढाच आवाज केला. पेट्रोल कार्बुरेटरमधून केव्हाच उडून गेले होते. एका चाकात हवा नव्हती. नऊशे किलोच्या आसपास वजनाची ती मोटार दोन माणसांनी, त्यातला एक सत्तरी उलटलेला, चढावरून मागे ढकलायची. "अरे, लाव जोर! हिच्यातून तुझी आई सासरी गेली रे!" मामा ओरडत होते, आणि मी खरोखरच जोर लावत होतो. मला हसू येत नव्हते. त्या क्षणी ती मोटार वाचवणे यापलीकडे जगात दुसरे काम आहे असे मलाही वाटत नव्हते, ही गोष्ट मी लपवणार नाही.

पहाडीवरची ओळ अजून बांधीच्या पलीकडे होती. ती बांधी ओलांडून आलीच नाही. लोकांनी ती डहाळ्यांनी झोडपून, तणाची पट्टी आधीच जाळून, रात्री अकरापर्यंत विझवली. आग आली ती वेगळ्या वाटेने. जंगलाच्या कडेला एक वठलेले, आतून पोकळ झाड होते. ते चिमणीसारखे पेटले आणि वाऱ्याच्या झोतात त्याच्या ठिणग्या बांधीवरून उडाल्या. एक ठिणगी शेजाऱ्याच्या तणसीच्या ढिगावर पडली. धानाची वाळलेली तणस, वर्षभराची वैरण. तिला किती वेळ लागतो? शेजाऱ्याची बायको ओरडत होती. आम्हाला ऐकू येत होते. "दोन मिनिटं, एवढी शेडबाहेर निघू दे," असे मामा म्हणाले. मीही तेच म्हणालो असेन.

मामी एकट्या बादली घेऊन धावल्या. आपल्या गोठ्यातली ढोरे त्यांनी आधीच सोडली होती. कुंपण ओलांडून त्यांनी शेजाऱ्याचे दोन बैल आणि गाय सोडली. एक गोऱ्हा आतल्या खुंट्याला होता. तिथवर त्या पोहोचू शकल्या नाहीत.

फियाट बाहेर निघाली. तिला ओरखडासुद्धा उठला नाही.

आग आपल्याकडे चालत येते अशी आपली कल्पना असते, आणि आपण तिच्या तोंडाकडे बघत राहतो. प्रत्यक्षात घरे पेटतात ती बहुतांशी उडून आलेल्या ठिणग्यांनी. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या जळलेल्या वस्त्या तपासणाऱ्यांनीही हेच सांगून ठेवले आहे: ज्वाळा पोहोचण्याच्या कितीतरी आधी ठिणगी पोहोचते, आणि ती कवेलूच्या फटीत, पन्हाळीतल्या पाल्यात, ओट्याखालच्या सरपणात बसून राहते. म्हणून कॅलिफोर्नियात आता भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांवर फार भर देतात. या पाच फुटांत जळण्यासारखे काही ठेवायचे नाही. गवत नाही, झुडूप नाही, लाकूड नाही. मला हे वाचून आजीची आठवण झाली. आजी रोज पहाटे भिंतीलगत खराट्याने झाडून सडा घालायची. पाच फूट नव्हे, दहा फूट! शहरातून आलेल्या मंडळींना मात्र भिंतीला टेकलेली वेल आणि पायरीशी सुकलेला पाचोळा 'नैसर्गिक' वाटतो.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची बांबूची भव्य वास्तू उभी राहत होती, ती २५ फेब्रुवारी २०२१ ला आगीत सापडून डोळ्यांदेखत गेली. आम्ही चंद्रपूरचे लोक त्या बाजूने जाताना अजून तिकडे मान वळवतो. बांबू, गवत, तणस यांचे सौंदर्य मला मान्य आहे. हंगाम सुरू होऊन तेव्हा फक्त दहा दिवस झाले होते, एवढेच सांगतो.

मोटारीपुरते बोलायचे तर, मामांनी नंतर जे केले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने करावे असे आहे. गाडीचे तोंड आता दाराकडे असते. दर पंधरा दिवसांनी, तिथीमुहूर्त न बघता, ती अर्धा तास चालवली जाते. बॅटरी आणि चाकांतली हवा तेव्हाच पाहतात. टाकी निम्म्याहून खाली जाऊ देत नाहीत. किल्ली देवघराबाहेरच्या खिळ्याला. शेडमधले बारदान, फळ्या, रॉकेल सगळे गेले. प्लॅस्टिकचे आच्छादन तर पहिल्यांदा गेले. एक ठिणगी पुरते, आणि मग ते प्लॅस्टिक रंगाला चिकटून रंगासकट उतरते. गाडी कागदोपत्रीही माणसात आणली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळी नोंदणी सुरू केली आहे, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मामांनी त्यासाठी अर्ज केला आणि त्यानिमित्ताने चासी नंबरपासून दिव्यांपर्यंत प्रत्येक भागाचे फोटो काढून माझ्याकडे एक प्रत ठेवली. विम्याच्या बाबतीत एक खुलासा हवा. फक्त 'थर्ड पार्टी' विमा असला तर आगीने गाडी जळाल्यावर छदामही मिळत नाही. सर्वंकष विमा लागतो. त्यातही जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते, ती आधीच लिहून घ्यावी. घराचे म्हणाल, तर १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात जंगलाची आगही धरलेली आहे. घरातले सामान इमारतीच्या विमारकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख, आपोआप येते. दागिने, चित्रे असले काही असेल तर वेगळे नोंदवावे लागते.

शेजाऱ्याच्या तणसीचा आणि गोऱ्ह्याचा विमा कोणी उतरवलेला नव्हता.

गाडी हलवायची कधी, हा खरा प्रश्न. मामांचे आताचे उत्तर असे की पहाडीवर दुपारी धूर दिसला की गाडी काढून गावातल्या नांगरलेल्या मोकळ्या रानात, काचा बंद करून उभी करायची आणि परत यायचे. रात्री ज्वाळा दिसल्यावर गाडीला हात लावायचा नाही. ती जळाली तर जळाली. ऑस्ट्रेलियात पूर्वी 'लवकर निघा, नाहीतर थांबून घर राखा' असे सांगत. ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी तिथे १७३ माणसे गेली, त्यानंतर भर पडला तो 'लवकर निघा' यावर. उशिरा निघणे हे सगळ्यांत वाईट, याबद्दल कुठेच दुमत नाही. धुरात मोटार हाकावीच लागली तर दिवे लावून, काचा चढवून, हळू. समोर ज्वाळा रस्ता ओलांडत असल्या तर पुढे घुसायचे नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे, लहान मुले आहेत त्यांनी संध्याकाळीच गावात नातलगांकडे जावे, त्यात कमीपणा नाही. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. दावी सोडलेली. सातबारा, बँकेची पुस्तके एका पिशवीत, आणि ती पिशवी फेब्रुवारीतच भरलेली. मदतीसाठी ११२, वनखात्यासाठी १९२६.

हल्ली उपग्रहही राखण करतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना पाठवते, त्या थेट वनरक्षकांच्या मोबाइलवर येतात. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल, त्यामुळे उन्हाळ्यात तिकडच्या वनरक्षकांचे मोबाइल सारखे वाजत असतात. वाऱ्याने पाचोळा उडवून जाळरेषा साफ करणारी यंत्रेही आली आहेत. पाठीला अडकवून माणूस चालू लागला की वावटळ चालल्यासारखी वाटते. मोठी उपयोगाची चीज. पण आता उपग्रहाची नजर सुधारून एकेक चौकट पावणेचारशे मीटरांची झाली असली, तरी एवढ्या चौकटीत मामांचे घर, शेजाऱ्याचे घर, तणसीचा ढीग आणि फियाट असे सगळे मावते. कोण कुठल्या बाजूला धावले ते त्याला दिसत नाही.

त्या रात्री शेजारी परतला तेव्हा त्याचे केस करपले होते आणि हातात डहाळीचा नुसता दांडा उरला होता. तो जळलेल्या तणसीपाशी जरा वेळ उभा राहिला. गोठ्यात जाऊन आला. मग आमच्या अंगणात उभ्या असलेल्या फियाटकडे त्याने पाहिले आणि मामांना विचारले, "मामाजी, तुम्हाला लागलं तं नाही ना?" बस, एवढेच. त्यानंतर आजवर त्याने त्या गोष्टीचा एका शब्दानेही उच्चार केलेला नाही. मामांनी वर्षभराची तणस आपल्या ढिगातून दिली, ती त्याने घेतली. गोऱ्ह्याचे पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. "आग आपल्या हाती थोडीच असते जी," म्हणाला. मामा त्या रविवारी बॉनेट पुसायला गेले नाहीत. पुढच्याही नाही. मामींनी गाडीला डबा म्हणणे सोडून दिले, त्याची मला जास्त भीती वाटली.

मी पेपरांचा गठ्ठा घेऊन परत आलो. निबंधाचा एक विषय 'मी पाहिलेली आग' असा कोणीतरी घातला होता, आणि बहुतेक मुलांची आग गगनाला भिडत होती. मी गुण कापले नाहीत.

आता दर वर्षी महाशिवरात्रीच्या आसपासच्या रविवारी मी मामांकडे जातो. त्या दिवशी दोन्ही घरांची माणसे मिळून बांधीच्या कडेने पट्टी साफ करतात. दंताळ्याने पाचोळा ओढायचा, खराट्याने जमीन उघडी करायची, कवेलूंवर चढून फटीतला पाला काढायचा. तणसीचा ढीग आता दोन्ही घरांपासून लांब, तलावाच्या पाळीकडे रचतात. ते वठलेले झाड आता नाही. दोन घरांमधले काट्यांचे कुंपणही मामांनी काढून टाकले; ते जळाऊ म्हणून काढले असे ते सांगतात.

गेल्या फेब्रुवारीत मी पोहोचलो तेव्हा मामा नेहमीप्रमाणे खराटा घेऊन सगळ्यांच्या आधी अंगणात उतरले होते. शेजारी आपल्या दारातून आला, खराटा त्यांच्या हातून काढून घेतला आणि म्हणाला, "आधी गाडी काढा मामाजी. पोट्ट्यांना तलावावरून एक चक्कर मारून आणा. मंग झाडू."

मामा किल्ली आणायला आत गेले. त्यांना जरा वेळच लागला. मागच्या बाकावर शेजाऱ्याची तीन नातवंडे चढली, पुढे मामींनी जागा धरली, आणि फियाट पहिल्याच किल्लीला सुरू झाली.